बारा वर्षांची मुलगी

शब्बाथ शाळा व घरगुती उपासना यांकरितां पाठ

शास्त्रपाठ: मार्क ५:२१-४३.
पाठ करण्याचें वचन: मार्क ५:४१.
घरीं वाचण्यासाठीं: गणना २७:१-११, लूक १०:३८-४२, २ तीमथ्य १:५ व ३:१४-१५.
पाठाचा उद्देश: मुलीचें शिक्षण मध्येंच कां तुटतें हें समजून घेणें, आणि तें तुटूं नये म्हणून मंडळीनें काय करावें याचा विचार करणें.

प्रस्तावना

मार्काच्या शुभवर्तमानाचा पांचवा अध्याय आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा आहे. सभास्थानाचा अधिकारी याईर प्रभूच्या पायां पडतो. प्रभु त्याच्या घरीं जावयास निघतो. वाटेंत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडिलेली एक स्त्री गर्दींतून येऊन त्याच्या वस्त्रास शिवते, आणि इतक्यांत याईराच्या घरून निरोप येतो कीं, मुलगी मेली. पुढें काय झालें हें शब्बाथ शाळेंतील लहान मूलही सांगेल. परंतु या कथेच्या अगदीं शेवटीं मार्कानें एक लहानशी गोष्ट लिहून ठेविली आहे, तिजकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. मुलगी उठून चालूं लागल्यावर तो सांगतो कीं, ती बारा वर्षांची होती.

आपल्या प्रभूची सत्ता रोगावर व मरणावरही चालते, हा या अध्यायाचा मुख्य अर्थ होय. तो बाजूस सारून शास्त्रास भलतेंच वळण द्यावें, असा आमचा हेतु नाहीं. परंतु जो प्रभु त्या दिवशीं एका बारा वर्षांच्या मुलीकरितां गर्दींतून वाट काढीत गेला, तो आपल्या गांवांतील बारा वर्षांच्या मुलीविषयीं आपणांस कांहीं विचारीत असेल कीं नाहीं, एवढें आज पाहूं. कारण आपल्याकडे मुलीच्या आयुष्यांत हेंच वर्ष मोठ्या धोक्याचें असतें. जवळची शाळा संपत आलेली असते, मुलगी वयांत येते, आणि घरांत रात्रीं दिवा मालवल्यावर तिच्याविषयीं हळू आवाजांत बोलणीं सुरू होतात.

१. बाप पायां पडतो (वचनें २२-२४)

याईर हा गांवांतील मानाचा मनुष्य होता. तो चाकरास पाठवूं शकला असता. पण तो स्वतः आला, आणि सर्व लोकांदेखत प्रभूच्या पायां पडला. मुलासाठीं धांवपळ करणारे बाप पुष्कळ असतात. येथें मुलीसाठीं पागोट्याची पर्वा न करणारा बाप आपणांस दिसतो. मुलीच्या उद्धाराची पहिली पायरी पुष्कळदां हीच असते, कीं तिच्या बापानें लोक काय म्हणतील याचें भय सोडावें.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांत याचें एक मोठें उदाहरण आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. स्त्रीस ती विद्या देणें पाप होय असें मानणाऱ्या शास्त्रीपंडितांचा विरोध त्यांस सोसावा लागला, आणि ते गंगामूळच्या रानांत जाऊन राहिले. तेथें इ. स. १८५८ मध्यें त्यांना मुलगी झाली. आईनें त्या मुलीस विद्या दिली. तीच पंडिता रमाबाई. तिनें १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढिलें, पुढें केडगांवीं दुष्काळांतल्या अनाथ स्त्रियांस व मुलींस आसरा दिला, आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचें मूळ भाषांवरून मराठींत भाषांतर केलें. एका बापानें लोकापवादाची भीति सोडली, त्याचें फळ आपण आजवर खात आहों.

आपल्या मंडळ्यांनीं आणखीही एक गोष्ट विसरूं नये. सिंथिया फरार या अविवाहित बाई १८२७ सालीं अमेरिकेहून मुंबईस आल्या, १८३९ पासून नगरास राहिल्या, आणि १८६२ मध्यें तेथेंच मरण पावल्या. त्यांचें सर्व आयुष्य मुलींस शिकविण्यांत गेलें. नगरच्या त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांस समाधान वाटलें; त्यांनीं व सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा सुरू केली. त्यांच्याच शाळेंत शिकलेल्या मुक्ता नांवाच्या मांग जातीच्या मुलीनें आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. ज्यांस अक्षर शिवूं देत नसत त्यांच्या मुलीनें अक्षर हातीं घेतलें, तेव्हां प्रथम आपल्या जातभाईंचें दुःख बोलून दाखविलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

१९०१ च्या खानेसुमारींत सर्व हिंदुस्थानांत हजार स्त्रियांमध्यें जेमतेम सहा साक्षर आढळल्या. २०११ च्या खानेसुमारींत सात वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकीं ६५ साक्षर होत्या, व महाराष्ट्रांत सुमारें ७६ होत्या. परंतु महाराष्ट्रांतील पुरुष ८८ होते. म्हणजे रस्ता पुष्कळ चालून झाला आहे, तरी भाऊबहीण अजून बरोबरीनें चालत नाहींत.

२. वाटेंतील स्त्री (वचनें २५-३४)

याईराची मुलगी जन्मली, त्याच सुमारास या स्त्रीचें दुखणें सुरू झालें. बारा वर्षें एका घरीं मूल वाढत होतें, आणि बारा वर्षें दुसरीकडे एक स्त्री झिजत होती. मार्क म्हणतो कीं, वैद्यांच्या हातून तिनें फार सोसलें, जवळचें सर्व खर्चून टाकलें, आणि गुण न येतां दुखणें वाढतच गेलें. शिवाय लेवीयाच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणें ती अशुद्ध मानलेली. तिला कोणीं शिवावयाचें नाहीं, तिनें कोणास शिवावयाचें नाहीं. म्हणून ती मागून आली. प्रभूनें तिला लोकांपुढें बोलाविलें तें लाजविण्यासाठीं नव्हे; सर्वांदेखत तिला मुलगी म्हणून हांक मारावी, यासाठीं बोलाविलें.

हा विषय उपासनेंत काढणें कांहींस अवघड वाटेल; पण शास्त्रास तो काढावयास लाज वाटली नाहीं. मुलगी वयांत आली म्हणजे महिन्यांतील चार दिवस तिला शाळेंत अडचण पडते. शाळेंत दार लागणारें शौचकूप व पाणी नसेल तर ती त्या दिवसांत घरीं राहते. गणिताचा धडा पुढें जातो. ती मागें पडते. मागें पडली म्हणजे तिला शाळा नकोशी होते. आणि मग आपण म्हणतों, पोरीचें मनच शाळेंत लागत नाहीं. जी गोष्ट एका दाराच्या कडीनें व एका हौदानें मिटली असती, तिच्यासाठीं मुलीच्या बुद्धीला दोष लागतो.

याच गोष्टीचें मोठेपणीचें रूप ऊसतोडणीच्या फडांत दिसतें. तेथें एक दिवस काम चुकलें कीं खाडा धरला जातो व पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं सरकारी समितीनें ऊसतोड करणाऱ्या सुमारें ८२ हजार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढलेलें आढळलें. लहानपणीं झालेलें लग्न, कोंवळ्या वयांतलीं बाळंतपणें, पाठ मोडणारें काम, अंगावर काढलेलें दुखणें, खाड्याची धास्ती, आणि शेवटीं वैद्यानें सांगितलें तें मुकाट्यानें ऐकणें, अशी ही सांखळी आहे. जिला लिहितांवाचतां येतें, जी चार प्रश्न विचारूं शकते, ती वैद्यापुढेंही विचारील. शाळेंतून काढलेली बारा वर्षांची मुलगी आणि पुढें वैद्यांच्या हातून फार सोसणारी स्त्री, या पुष्कळदां दोन नसतात, एकच असते.

३. निरोप्ये म्हणतात, आतां गुरूस त्रास देऊं नका (वचनें ३५-३६)

याईराच्या घरून माणसें आलीं तीं कांहीं त्याचीं वैरी नव्हतीं. तीं समजूतदार माणसें होतीं. मुलगी संपली, तेव्हां आतां गुरूस उगाच श्रम कां द्यावेत, असें तीं म्हणालीं. येथें प्रभूला गुरु म्हटलें आहे. मूळ शब्दाचा अर्थ शिकविणारा असा आहे. आपल्या गांवांतही मुलीविषयीं बोलणारीं माणसें पुष्कळदां वैरी नसतात. चुलता, आजी, शेजारी, कधीं पंचही, सर्व मायेनेंच सांगतात: पोर मोठी झाली, आतां शाळा पुरे, मास्तरांस कशाला त्रास? त्यांचीं कारणें खोटीं नसतात, म्हणून तीं रागानें उडवून न देतां एकेक करून पाहिलीं पाहिजेत.

पहिलें कारण पोटाचें. बीड, जालना, नगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या भागांतून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसें ऊसतोडणीस जातात, तीं उन्हाळा लागल्यावर परततात. या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात, व एकट्या माणसास ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागें देतो. तेव्हां मुलाचें लग्न लवकर केलें म्हणजे पुरा कोयता उभा राहतो व पुरी उचल मिळते, असा हिशेब घरोघरीं होतो. आणि त्या कोयत्याचा दुसरा अर्धा भाग म्हणजे कोणाची तरी शाळेंतून काढलेली मुलगी असते. लग्न झालें नाहीं तरी ती आईबापांबरोबर फडावर जाते. आई मोळ्या बांधते, तेव्हां मुलगी कोपींत धाकटें भावंड सांभाळते, पाणी आणते, भाकरी करते. शाळेच्या पटावर नांव राहतें, बांकावर मुलगी नसते.

दुसरें कारण भीतीचें. मागें आजीजवळ ठेवावी तर म्हातारीच्यानें तरुण मुलगी राखवेल कीं नाहीं, आणि बरोबर न्यावी तर उघड्या कोपींत दाराला कडी नाहीं. मग बापास वाटतें कीं, हात पिवळे करून टाकावे म्हणजे जबाबदारी सुटली. ही भीति खरी आहे. परंतु तिच्यावरचा उपाय मुलीचें बालपण हिरावून घेणें हा नव्हे. चोरांच्या भयानें कोणी आपलें शेत पडीक टाकीत नाहीं. तो राखण बसवितो.

तिसरें कारण हुंड्याचें. मुलगी जास्त शिकली तर जास्त शिकलेला वर पाहावा लागतो, आणि वर जितका शिकलेला तितका हुंडा मोठा, असें लोक म्हणतात. हुंडा देणेंघेणें हा १९६१ पासून कायद्यानें गुन्हा आहे, तरी खेदानें म्हणावें लागतें कीं ही चाल ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरांतूनही गेलेली नाहीं. जो बाप मुलाच्या लग्नांत हुंडा घेतो, तो शेजाऱ्याच्या मुलीस शाळेंतून काढण्यास हातभार लावतो, हें त्यानें समजून असावें.

चौथें कारण अंतराचें. पुष्कळ वाड्यावस्त्यांवर शाळा चौथीपर्यंतच असते. पुढची शाळा दोनतीन कोस दूर असली म्हणजे मुलगा जातो, मुलगी राहते. हें कारण हटविण्याजोगें आहे, याचा पुरावा बिहार प्रांतानें दिला. तेथें २००६ सालीं नववींत जाणाऱ्या मुलींस सायकलीसाठीं पैसे देण्यास आरंभ झाला. पुढें अभ्यासकांनीं तपासून पाहिलें, तेव्हां त्या वयाच्या मुलींचें माध्यमिक शाळेंत नांव घालण्याचें प्रमाण सुमारें एक तृतीयांशानें वाढलेलें आढळलें, आणि जेथें शाळा लांब होती तेथेंच विशेष गुण आला. शेजारच्या बांगलादेशानें १९९४ पासून खेड्यांतील माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलींस विद्यावेतन दिलें. अट अशी कीं, मुलीनें नियमित हजर राहावें, परीक्षेंत ठरलेले गुण मिळवावे, आणि शालान्त परीक्षेपर्यंत तिचें लग्न होऊं नये. गरीब बापास उपदेशाबरोबर आधार मिळाला म्हणजे तो मुलीस शाळेंत ठेवतो, हें यावरून दिसतें.

सबंध जगाचा विचार केला तर २०२३ सालच्या युनेस्कोच्या हिशेबाप्रमाणें सुमारें १२ कोटी २० लक्ष मुली शाळेबाहेर होत्या. मुलगेही तितकेच, किंबहुना थोडे अधिक होते, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दारिद्र्य व युद्ध हीं दोघांसही बाहेर काढतात. पण ती मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून दार लावलें जातें तें तिच्याच तोंडावर. अफगाणिस्तानांत ऑगस्ट २०२१ मध्यें तालिबानची सत्ता आल्यावर सहावीच्या पुढच्या वर्गांत मुलींस येण्यास मनाई झाली, आणि डिसेंबर २०२२ मध्यें विद्यापीठांचींही दारें स्त्रियांस बंद झालीं. सहावी संपली म्हणजे मुलगी किती वर्षांची असते? बाराच्याच आसपास. तेथील पुष्कळ बाप रडत असतील, कीं मुलगी शिकावी असें वाटतें पण हुकूम आडवा येतो. आपल्या देशांत तसा हुकूम नाहीं. उलट २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास व मुलीस मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तेव्हां आपल्या गांवांत मुलीवर दार लावलें जातें तें आपल्याच हातांनीं, ही गोष्ट आपणांस अधिक लाजविणारी आहे.

निरोप ऐकून प्रभूनें काय केलें? तो माणसांशीं वाद घालीत बसला नाहीं. तो बापाकडे वळला व त्याला धीर दिला. आपणही तेंच करावें. जेथें सर्व शेजार ‘पुरे’ म्हणत आहे, तेथें मंडळींतील एका तरी मनुष्यानें त्या बापाच्या शेजारीं जाऊन उभें राहावें.

४. हंसणारे बाहेर, आईबाप आंत (वचनें ३८-४०)

घरीं रडारड चालली होती. मुलगी मेलेली नाहीं, झोंपली आहे, असें प्रभु म्हणाला तेव्हां तेच लोक हंसूं लागले. त्यानें त्यांस बाहेर काढिलें. पण आईस व बापास बरोबर आंत घेतलें. यांतून दोन गोष्टी शिकाव्या. मुलीच्या भल्याचें काम आईबापांस बाहेर ठेवून होत नाहीं. आईसही विचारलें पाहिजे, कारण शाळा सुटल्याचें दुःख तिनें स्वतः भोगलेलें असतें. आणि दुसरी गोष्ट ही कीं, कांहीं आवाज घराबाहेर काढल्यावांचून मुलगी उठत नाहीं.

बालविवाह हा तसाच एक आवाज आहे. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविलें होतें. पुढें तें वाढत गेलें, आणि १९७८ पासून तें अठरा आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या १०० स्त्रियांपैकीं सुमारें २२ जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें आढळलें. २००६ च्या कायद्याप्रमाणें असें लग्न लावणारास व त्यास साहाय्य करणारास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. यांत पाळक आले, वडील आले, मांडवांत पुढें होऊन मिरविणारे पंचही आले. परंतु आपण शिक्षेच्या भयानेंच थांबावें काय? जी मुलगी प्रभूनें हात धरून उठविली तिला आपण वेदीपुढें उभी करून पुन्हा निजवावें, हें प्रभूच्या सेवकास शोभणारें नाहीं.

५. तिला खावयास द्या (वचनें ४१-४३)

प्रभूनें तिचा हात धरिला, तिच्याच घरच्या बोलींत तिला हांक मारिली, आणि ती उठून चालूं लागली. सर्व लोक आश्चर्य करीत राहिले. तिला भूक लागली असेल हें मात्र एकट्या प्रभूच्याच ध्यानांत आलें. चमत्कार त्यानें केला. भाकर देण्याचें काम घरच्यांस सांगितलें. आपल्या वांट्याचें काम तें हेंच. म्हणून प्रत्येक मंडळीनें दिवाळीपूर्वीं पुढील गोष्टी कराव्या अशी आमची नम्र सूचना आहे.

(१) पाळक व एक वडील यांनीं तोडणीस जाणाऱ्या घरांची यादी करावी, व कोणत्या घरांतून मुली शाळेंतून निघणार आहेत हें पाहावें.

(२) आईबाप तोडणीस गेल्यावर मागें राहणाऱ्या मुलांसाठीं गांवांत हंगामी वसतिगृहाची सोय सरकारतर्फें होते. आपल्या गांवीं ती आहे कीं नाहीं हें मुख्याध्यापकांस विचारावें; नसल्यास मागणी करावी. तोंपर्यंत आजीजवळ राहणाऱ्या मुलींस मंडळींतील दोन वडीलधाऱ्या बायांनीं रोज संध्याकाळीं भेटावें.

(३) महिला मंडळानें शाळेंतील शौचकूप स्वतः जाऊन पाहावें. कडी, पाणी व झांकण नसेल तर तें एका रविवारच्या दानांतून होण्याजोगें आहे.

(४) शाळेंत जाणाऱ्या मुलींस एस. टी.चा मोफत पास मिळतो, तो काढून देण्यास मंडळींतील तरुणांनीं मदत करावी.

(५) जन्माचा दाखला पाहिल्यावांचून पाळकानें लग्नाची घोषणा वाचूं नये. कोंवळ्या मुलीचें लग्न ठरल्याचें कळल्यास प्रथम प्रेमानें समजवावें. न ऐकल्यास १०९८ या क्रमांकावर किंवा ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यास कळवावें. ही चहाडी नव्हे, राखण आहे.

(६) आपल्या घरीं मुलगा व मुलगी दोघेंही शिकत असतील, तर संध्याकाळचीं भांडीं कोण घासतें हें प्रत्येक बापानें एकदां पाहावें. मरीया प्रभूच्या पायांजवळ ऐकत बसली तेव्हां त्यानें तिला उठवून चुलीकडे पाठविलें नाहीं.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. सलाफहादाच्या पांच मुलींनीं मोशापुढें कोणतें गाऱ्हाणें मांडिलें? देवानें काय उत्तर दिलें? त्यांस बोलूंच दिलें नसतें तर काय झालें असतें?
२. तीमथ्यास बाळपणापासून शास्त्राची ओळख होती. त्याच्या विश्वासाच्या संबंधांत पौल कोणत्या दोन स्त्रियांचीं नांवें घेतो? आपल्या घरांतील आजी व आई शास्त्र वाचूं शकतात काय?
३. आपल्या मंडळींत आज बारा वर्षांच्या मुली किती आहेत? त्यांचीं नांवें आपणांस सांगतां येतील काय?
४. याईराच्या घरून आलेल्या माणसांसारखे आपण कधीं बोललों आहों काय?

प्रार्थनेचे विषय

फडावर गेलेल्या आईबापांसाठीं व मागें राहिलेल्या मुलींसाठीं. ज्यांच्या शाळा हुकुमानें बंद झाल्या त्या अफगाण मुलींसाठीं. खेड्यांतील शिक्षक व शिक्षिका यांसाठीं. आणि आपल्यासाठीं, कीं प्रभूनें उठविलेल्या मुलीस भाकर देण्यास आपण विसरूं नये.